उभयचर विमान आणि कोयनेचे पाणी

पक्ष्यांमध्ये बदक हे काही मोठे डौलदार पाखरू मानीत नाहीत. जमिनीवर ते चालते, पण फेंगडे चालते. हवेत उडते, पण घारीसारखे अंतराळात निवांत घिरट्या घालणे त्याला साधत नाही. तथापि जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी त्याचा शिरकाव आहे, आणि या एका गुणासाठी त्याचे सारे फेंगडेपण माफ करावे लागते. विमानांच्या कुळातही असे एक बदक आहे. त्याचे पोट होडीसारखे असते आणि बगलेत ओढून घेता येतील अशी चाके त्याला असतात. त्यास उभयचर विमान म्हणतात. श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते पुष्कळ उतारू वाहणाऱ्या अवाढव्य जलविमानांविषयी नव्हे. दोन-चार माणसांचे, एका मालकाचे, हौसेने बाळगलेले असे जे लहानसे उभयचर विमान, त्याचा इतिहास काय, आणि सातारा-सांगलीच्या पाण्याशी त्याची गाठ कोठे पडते, एवढाच आजचा विषय.

पाण्यावरून विमान उडविण्याचा पहिला मान आँरी फाब्र या फ्रेंच गृहस्थाकडे जातो. २८ मार्च १९१० रोजी मार्सेलजवळच्या एका खाऱ्या सरोवरावरून त्याचे यंत्र वर उठले आणि सुमारे पाचशे यार्ड जाऊन पुन्हा पाण्यावर सुखरूप टेकले. नवल असे की या गृहस्थाने तोपर्यंत कधीच विमान चालविले नव्हते. पुढे तो एकशे एक वर्षे जगला. आरंभीच्या वैमानिकांत असे दीर्घायुष्य विरळाच. फाब्रच्या यंत्राला चाके नव्हती. ती जोडली अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने, १९११ साली. पाण्यावरून उडावे आणि जमिनीवर उतरावे, किंवा याच्या उलट करावे, ही किमया त्या वर्षी प्रथम घडली.

ही किमया वाटते तितकी सोपी नाही. पाणी हे गुळगुळीत वस्तूला चिकटून बसते. होडीचे पोट सलग ठेवले, तर इंजिनाने कितीही जोर केला तरी पाणी विमानाला सोडीत नाही. म्हणून पोटाच्या मध्यावर, जिन्याच्या पायरीसारखी, एक आडवी खाच ठेवतात. वेग वाढला म्हणजे त्या खाचेपाशी हवा शिरते, मागचा भाग पाण्यापासून सुटतो, आणि विमान पुढच्या पोटावर घसरत घसरत उड्डाणाचा वेग गाठते. पंख्यावर तुषार उडू नयेत म्हणून पुष्कळशा लहान उभयचर विमानांत इंजिन डोक्यावर, एका खांबावर बसविलेले असते. त्याचा परिणाम असा की जोर वाढविला म्हणजे विमानाचे नाक वर न जाता खाली झुकू पाहते. साध्या विमानावर शिकलेल्या वैमानिकाचा हात येथे प्रथम फसतो.

त्याहून मोठा धोका चाकांचा. जमिनीवर उतरताना चाके खाली काढण्यास विसरले तर विमानाचे पोट खरवडते, मालकाच्या खिशाला चाट बसते, आणि बहुधा तेवढ्यावर निभावते. पण पाण्यावर उतरताना चाके वर घेण्यास विसरले, तर पाणी ती चाके धरून ठेवते आणि विमान कोलांटी खाऊन उलटते. आत बसलेल्यांना पाण्याखाली, डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीत दार शोधावे लागते. आणखी एक गोष्ट ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. वैमानिकाला लाटांपेक्षा भय असते ते अगदी निश्चल पाण्याचे. तळे आरशासारखे स्तब्ध असले की त्यात आकाश दिसते, पाणी दिसत नाही. आपण दहा हातांवर आहोत की दोन हातांवर, हे डोळ्यांना कळेनासे होते. अशा वेळी जाणता वैमानिक काठालगत उतरतो. काठावरची झाडे आणि दगड त्याला पाणी कोठे आहे ते सांगतात. काठाशिवाय पाण्याचा भरवसा नाही, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती निराळ्या अर्थाने उपयोगी पडणार आहे.

हौसेचे वाहन म्हणून या विमानाचा उदय झाला तो अमेरिकेत, आणि तोही धनिकांच्या सोयीसाठी. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर राहणाऱ्या बड्या व्यापाऱ्यांना आपल्या बंगल्यापासून थेट पेढीच्या दारापर्यंत पाण्यावरून जाता यावे, या कल्पनेतून ग्रमन कंपनीचे 'गूस' १९३७ साली निघाले. गूस म्हणजे हंस-बदकांच्याच जातीचा पक्षी. नाव ठेवणाऱ्याची रसिकता दिसते. पण हे दोन इंजिनांचे विमान सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

सामान्यांसाठी म्हणून जे विमान आले त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेत एक स्वप्न जोरात होते: युद्धातून परतलेले हजारो वैमानिक आता स्वतःची विमाने घेतील, आणि मोटारीसारखे विमान घरोघर होईल. 'थंडरबोल्ट' हे प्रख्यात लढाऊ विमान बांधणाऱ्या रिपब्लिक कंपनीने पर्सिव्हल स्पेन्सर याच्या आराखड्यावरून 'सीबी' नावाचे चार आसनांचे उभयचर विमान काढले. किंमत प्रथम साडेतीन-चार हजार डॉलर सांगितली होती. ती खर्चाच्या मानाने पुरेना. वाढत वाढत सहा हजारांच्या घरात गेली. घेणारे मात्र स्वप्नात होते तितके प्रत्यक्षात निघाले नाहीत. विमान घ्यावयाचे, पण ठेवावयाचे कोठे, दुरुस्त कोणाकडून करावयाचे, आठवड्यातून दोन तासांच्या हौसेसाठी वर्षभराचा विमा आणि तपासणी का सोसावयाची, असे प्रश्न पत्नीने विचारले असतील आणि पतीला उत्तर सुचले नसेल! १९४७ साली, एक हजार साठ विमाने बांधून, कंपनीने कारखान्याचा तो भाग बंद केला. तरी विमान वाईट नव्हते. मजबूत होते, जड होते, आणि त्यातली काही अर्धशतक उलटून गेल्यावरही हौशी मालकांनी उडती ठेवली. फसले ते विमानापेक्षा हिशेबात: पाणी फुकट आहे, म्हणून विमानतळाचा खर्च वाचेल, हा तो हिशेब. पाणी फुकट असेल, पण पाण्यातून विमान वर ओढण्याचा उतार फुकट नसतो, आणि किनाऱ्याला कोणी ना कोणी धनी असतोच.

हिंदुस्थानचा या लहान बदकांशी संबंध लवकरच आला, आणि तो बऱ्याच जणांस ठाऊक नसावा. बेलफास्टच्या शॉर्ट कंपनीने 'सीलँड' नावाचे दोन इंजिनांचे छोटे उभयचर विमान केले. ते जानेवारी १९४८ मध्ये प्रथम उडाले. खाजगी मालक, धर्मोपदेशक मंडळे, बेटांवरची लहान वाहतूक अशी गिऱ्हाइके मनात धरून ते बांधलेले होते. गिऱ्हाइके जेमतेमच मिळाली. एकंदर पंचवीसच विमाने झाली. त्यांपैकी दहा एकट्या भारतीय नौदलाने घेतली. पहिले सीलँड फेब्रुवारी १९५३ मध्ये कोचीनला येऊन पोचले, आणि आपल्या नौदलाच्या वैमानिक शाखेचा आरंभ लढाऊ विमानाने नव्हे तर या गरीब बदकाने झाला. त्यांतले एक गोव्यात, दाबोळीजवळच्या नौदलाच्या वैमानिकी संग्रहालयात जतन केलेले आहे. गोव्याला जाणाऱ्या कुटुंबांनी ते जरूर पाहावे. मुलांना पोटाखालची पायरी दाखवावी.

त्याही आधी मोठी जलविमाने या देशात उतरत असत. १९३८ च्या सुमारास इंग्लंडहून येणारी इंपीरियल एअरवेजची विमाने कराचीनंतर मेवाडातील राजसमंद तलावावर, मग ग्वाल्हेर, अलाहाबाद आणि कलकत्ता असे टप्पे घेत. राजसमंद हा निसर्गाचा तलाव नव्हे. सतराव्या शतकात महाराणा राजसिंहाने बांध घालून तो निर्माण केला. आपल्या देशात, काश्मीरसारखे प्रांत वगळले, तर मोठे गोड्या पाण्याचे विस्तार बहुतेक माणसाच्या हातचे आहेत; आणि माणसाने जे पाणी अडविले त्याखाली काही ना काही असतेच.

अलीकडच्या काळातील प्रयत्नांचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो, कारण तो स्वतःच थोडक्यात आटोपला. ३० डिसेंबर २०१० रोजी जुहूला 'जल हंस' या अंदमानसाठीच्या सेवेचे उद्घाटन झाले. २०१४ साली जुहूहून लोणावळ्याच्या बाजूच्या जलाशयांकडे जलविमाने नेण्याचा उपक्रम झाला. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीच्या पाण्यावर एका लहान उभयचर विमानाचे प्रात्यक्षिक मुंबईकरांनी पाहिले. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमतीहून केवडियाला सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांतच थांबली. प्रत्येक वेळी उद्घाटन मोठे, आयुष्य लहान.

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूला टपाल आणले, आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट ते पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. नकाशावर मुंबई ते बळ्ळारी सरळ रेघ ओढली तर ती सातारा जिल्ह्यात शिरून खटाव-खानापूरच्या बाजूने सांगलीच्या पूर्वेकडील दुष्काळी मुलखावरून जाते. म्हणजे देशी हवाई टपालाची वाट आरंभापासून आमच्या माथ्यावरून होती. फक्त उतरण्याचे कारण कोणास पडले नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, तेव्हा टाटांना आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. त्यांच्या विमानाला चाकेच होती, होडीचे पोट नव्हते.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ एक लहान धावपट्टी आहे. सांगलीजवळ कवलापूरला धावपट्टीची जागा वर्षानुवर्षे पडून राहिली, आणि तेथे विमानतळ व्हावा म्हणून सांगलीकरांनी केलेल्या अर्ज-विनंत्यांचे कागद एकावर एक रचले तर त्यांचीच एक टेकडी होईल. अशा ठिकाणी, जमीन नाही तर पाण्यावर उतरू, असा विचार सहज सुचावा. पण कोणत्या पाण्यावर? सांगलीची कृष्णा हरिपूरला वारणेस मिळते; पात्र वळणावळणाचे. उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागे पाणी उभे असते, पण जागा अरुंद. आणि पावसाळ्यात ती जेव्हा ऐसपैस होते तेव्हा तिच्या जवळ जाण्याची सोय नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ आहे. त्याच पुरात ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसे गेली. अशा वेळी विमान असते तर, असे वाटणे साहजिक आहे. परंतु पुराच्या पाण्यात ओंडके, छपरे, मेलेली जनावरे वाहत असतात, आणि पातळ पत्र्याच्या पोटाला एक ओंडका पुरेसा होतो. तेथे हेलिकॉप्टर आणि पट्टीचा नावाडी हीच साधने खरी. शिराळ्याच्या बाजूचा चांदोलीचा वसंतसागर विस्ताराने मोठा आहे. पण तो राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत, वाघांसाठी राखलेल्या रानात आहे.

राहिला साताऱ्याचा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय.

विमान बाळगण्याची हौस या डोंगराळ भागाला परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. मूळच्या पाटण तालुक्यातील यादव कुटुंबातील कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचे विमान स्वतः बांधले. हे उभयचर नव्हे, साधे चाकांचे विमान. २०१६ साली ते मुंबईच्या औद्योगिक प्रदर्शनात लोकांपुढे आले. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ साली, आणि धुळ्याच्या धावपट्टीवर ते प्रत्यक्ष उडाले २०२० साली. बांधणाऱ्याच्या हातांना लागलेला काळ आणि कागदाला लागलेला काळ यांची तुलना ज्याची त्याने करावी. चाकांच्या विमानाची ही कथा. पाण्याच्या विमानाला त्याखेरीज जलसंपदा खाते, वनखाते आणि काठ या तिघांचीही संमती हवी.

त्याच पाटण तालुक्यात आणि शेजारच्या जावळीत शिवसागर पसरला आहे. धरणाची उंची १०३ मीटर. साठा १०५ अब्ज घनफुटांचा. पाण्याची लांबी सुमारे पन्नास किलोमीटर. कऱ्हाडच्या धावपट्टीवरून लहान विमान पंधरा-वीस मिनिटांत येथे पोचेल. वैमानिकाच्या दृष्टीने पाहिले तर यात गुण आहेत आणि दोषही. पाणी समुद्रसपाटीपासून २,१६३ फुटांवर, तेथे हवा थोडी विरळ. उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते आणि पाण्यावरून उठण्यास लांब धाव लागते. जून ते सप्टेंबर पावसाचा मारा असा की विमानाचे नाव काढू नये. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे जलाशयाच्या शाखा. सोळशी आणि कांदाटी यांच्या खोऱ्यांत शिरलेल्या त्या बोटांसारख्या निळ्या वाटा वरून मोहक दिसतात. पण वाट पुढे अरुंद होते, दोन्ही बाजूंचे डोंगर वर चढत जातात, आणि वळावयास जागा राहत नाही.

हे मी कल्पनेने बोलत नाही. अमेरिकेत या शतकात 'आयकॉन ए-५' नावाचे, पंख मिटून मोटारीमागे ओढून नेता येणारे दोन आसनांचे उभयचर विमान निघाले. केवळ मौजेसाठी बांधलेल्या विमानांत त्याचा फार बोलबाला झाला. ८ मे २०१७ रोजी कंपनीचा प्रमुख अभियंता, ज्याने त्या विमानाच्या रचनेत मोठा भाग घेतला होता तोच, एका सहकाऱ्यासह कॅलिफोर्नियातील बेरिएसा जलाशयाच्या अशाच एका चिंचोळ्या खोऱ्यात शिरला. परत वळण्यास जागा मिळाली नाही. दोघेही गेले. विमानात बिघाड नव्हता. २०२४ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

त्या बेरिएसा जलाशयाची हकीकत ऐकली म्हणजे आपण कोयनेच्याच काठी बसलो आहो असे वाटते. १९५७ साली तेथे धरण पुरे झाले आणि माँटिसेलो नावाचे गाव पाण्याखाली गेले. गाव उठत असताना डोरोथिया लँग या छायाचित्रकर्त्या बाईंनी तेथील शेवटचे दिवस टिपून ठेवले: उपटलेली झाडे, हलविलेल्या कबरी, सामान बांधणारी माणसे. आज त्या गावावर मौजेच्या होड्या फिरतात.

कोयनेचे काम १९५६ साली सुरू झाले आणि धरण १९६४ साली पुरे झाले. शंभराच्या घरातली गावे आणि नऊ हजारांच्या घरातली कुटुंबे त्यासाठी उठली. वीज मुंबईला आणि कारखान्यांना मिळाली, महाराष्ट्र उजळला, हे सर्व खरे; त्याचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. परंतु पुनर्वसनाचा व्यापक कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, म्हणजे कोयनेची माणसे उठून गेल्यावर. जमिनीचे, दाखल्यांचे, नागरी सोयींचे प्रश्न पुढच्या पिढीच्या वाट्याला आले, आणि २०१८ साली कोयनानगरला धरणग्रस्तांनी ठिय्या दिला तेव्हा त्यात धरणानंतर जन्मलेली माणसे बसली होती. जी कुटुंबे वरच्या अंगाला, काठावरच राहिली, त्यांची वाट पाण्याने तोडली. बामणोली-तापोळ्याच्या परिसरात बाजारास, दवाखान्यास, शाळेस जावयाचे म्हणजे लाँचची वाट पाहणे आले; बाळंतिणीलाही तोच मार्ग. उन्हाळ्याअखेर पाणी उतरले की जुन्या घरांची जोती वर येतात, आणि म्हातारी माणसे नातवंडांना बोटाने दाखवितात: येथे आपले अंगण होते.

अशा पाण्यावर हौसेचे विमान उतरू नये, असे मी म्हणणार नाही. हौसेला नाक मुरडणे सोपे असते. पहिल्या मोटारीलाही आपल्या वाडवडिलांनी नाक मुरडलेच होते. उभयचर विमान जेथे खरोखर रुजले त्या अलास्कात आणि कॅनडात ते चैनीचे वाहन म्हणून रुजले नाही. रस्ता नसलेल्या वस्तीला टपाल, औषध आणि वैद्य आणणारे वाहन म्हणून काठावरच्या माणसांनी त्याला आपले म्हटले. मौज मागून आली. विमानाला बांधण्याचा खांब, उतरण्याचा उतार, संकटात धावून येणारी होडी, हे सारे काठाने दिले. सीबीच्या मालकांना जे विकत घेता आले नाही ते हेच.

आता वाईजवळच्या धोम धरणाचे नाव सरकारच्या उडान योजनेतील जलविमानांच्या ठिकाणांत आले आहे. धोमचे पाणीही कृष्णेचेच, आणि त्याखालीही गावे आहेत. तेथे धक्का बांधावयाचा झाला तर त्याचा आराखडा करताना काठच्या ग्रामपंचायतींना आणि उठून गेलेल्या गावांच्या लोकांना एका मेजाभोवती बसवावे, आणि धक्क्याची पहिली बाजू गावच्या होडीसाठी व रुग्णाला नेणाऱ्या लाँचसाठी राखून ठेवावी, अशी माझी सूचना आहे. विमानाला दुसरी बाजू पुरते. त्याला दिवसातून एक-दोनदाच यावयाचे असते, होडीला मात्र रोज सकाळी सुटावयाचे असते.